गावचा उद्योग आणि गावची सभा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "आपल्या भागाचा काही इतिहास लिहा, पण शिवनेरीवर नको, त्यावर दरवर्षी कोणी ना कोणी लिहितेच," असे संपादिकाबाईंनी मला बजावले. मी काही इतिहासाची पंडिता नव्हे. चार पुस्तके वाचलेली, काही वर्षे ग्रामपंचायतीत बसलेली आणि त्या बसण्यात एक मोठी चूक केलेली अशी मी एक गृहिणी. तेव्हा त्या चुकीच्या अनुषंगानेच इतिहास सांगावा असे ठरविले. विषय साधा आहे. गावाने मिळून चालविलेला उद्योग आणि त्या उद्योगाला हात देणारी पंचायत यांच्यामध्ये बोलणे कसे होत आले, कोठे झाले नाही, आणि न झाल्याने काय झाले.

आपण लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातो. पायऱ्या चढून दम लागला की कट्ट्यावर बसतो, प्रसाद घेतो आणि उतरतो. आजूबाजूच्या खडकात कोरलेल्या अक्षरांकडे फारसे कोणी पाहत नाही. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी आणि तुळजा या जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. त्यांतील काहींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लेख आहेत. राजेरजवाड्यांची नावे त्यांत थोडी. पुष्कळसे लेख साध्या कामधंद्याच्या माणसांचे आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने एक सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके करून दिले. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांचा संघ. दुसऱ्या एका लेखात बुरूडांच्या श्रेणीकडे व कासारांच्या श्रेणीकडे दरमहा ठरलेल्या वाढीने ठेव ठेवल्याची नोंद आहे. आणखी एका लेखात करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी दिलेल्या शेतांचे उत्पन्न एका श्रेणीच्या हवाली केलेले आहे. विचार करा, बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या बुरूडांच्या संघावर लोकांचा इतका विश्वास होता की, धर्मादायाचा पैसा पिढ्यान्‌पिढ्यांसाठी त्यांच्याकडे ठेवावा!

हा विश्वास कशाने आला असेल? त्याचे उत्तर जुन्नरहून नाशिकला गेल्यावर मिळते. त्या काळी हा सगळा मुलूख नहपान नावाच्या क्षत्रप राजाच्या सत्तेखाली होता. त्याच्या अयम नावाच्या अमात्याने जुन्नरच्या मानमोडीवर मंडप व टाके करविले, तोही लेख आपल्याकडे आहे. याच नहपानाचा जावई उषवदात. त्याने नाशिकच्या लेण्यांत एक लांबलचक लेख कोरविला. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे त्याने ३००० कार्षापण ठेवले, एकीकडे २००० व दुसरीकडे १०००. पहिल्या रकमेवर दरमहा शेकडा १ आणि दुसरीवर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. दोन हजारांच्या व्याजातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यावयाचे. आपल्यापैकी ज्या भिशी चालवितात त्यांनी बोटांवर हिशेब करून पाहावा: दोन हजारांचे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, आणि वीस जणांना बारा म्हणजेही दोनशे चाळीसच. एकोणीसशे वर्षांमागचा हिशेब कवडीला चुकलेला नाही.

मला मात्र या लेखातील खरी मोलाची गोष्ट शेवटी वाटते. हे सर्व निगमसभेत वाचून ऐकविले आणि रिवाजाप्रमाणे फळ्यावर नोंदविले, असे तेथे लिहिले आहे. म्हणजे राजाच्या जावयालाही विणकरांकडे पैसा ठेवताना तो व्यवहार भर सभेत मोठ्याने सांगावा लागला आणि सर्वांना दिसेल असा लिहावा लागला. ज्यांचा धंदा त्यांच्या कानांवर सगळे घातले, तेव्हाच ठेव पक्की झाली. सूत कातणाऱ्या बायांविषयी मात्र हा लेख अवाक्षर बोलत नाही. त्या सभेत त्या होत्या की नव्हत्या, दगडाला ठाऊक.

पुढच्या शतकांची कहाणी मी थोडक्यात सांगते. गावाची पांढरी, गोतसभा, बलुतेदार, पेठेचे शेटे-महाजन अशी व्यवस्था कितीतरी काळ चालली. तिच्यात बोलणे होते. पण कोणी बोलायचे आणि कोणी उंबऱ्याबाहेर उभे राहायचे हे जातीने व लिंगाने ठरलेले होते. तिचे गोडवे गाताना एवढे विसरू नये. जुन्नरचा हातकागद त्या काळी नावाजलेला होता. मराठी दप्तरांत जुन्नरी कागद जागोजाग सापडतो. यंत्राचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. आपल्या जुन्नरात कागद्यांची वस्ती होती, एवढी आठवण तेवढी उरली. उद्योग बुडताना गाव एकत्र बसले, सरकारने विचारले, काही तोड काढली, असे काही घडल्याचे माझ्या तरी वाचनात आले नाही.

आता एकदम १९५६ सालात येऊ, कारण त्या वर्षी आपल्या पुणे जिल्ह्यात एक प्रयोग झाला आणि जगभर त्याचा बोलबाला झाला. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पुण्यासह ५ जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोता मंडळे स्थापन केली. कल्पना कॅनडातील शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांवरून घेतलेली होती. प्रत्येक गावात सुमारे वीस माणसांचे मंडळ. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्धा तास कार्यक्रम लागावयाचा. तो संपला की रेडिओ बंद करून मंडळाने त्यावर चर्चा करावयाची आणि आपले प्रश्न व शंका केंद्राकडे लिहून पाठवावयाच्या. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे मिळत. असे दहा आठवडे आणि २० कार्यक्रम झाले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल नॉयराथ या अभ्यासकाने त्याची पाहणी केली. श्रोता मंडळ असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओ नसलेली गावे, अशा तिन्ही प्रकारच्या गावांतील लोकांना आधी व नंतर प्रश्न विचारले.

निष्कर्ष असा निघाला की, जेथे ऐकून झाल्यावर बोलणे झाले तेथे लोकांचे ज्ञान पुष्कळच वाढले. जेथे नुसता रेडिओ होता तेथे त्या मानाने फारच थोडे. रेडिओ तोच, भाषा तीच, आवाज तोच! फरक एवढाच की, एके ठिकाणी माणसांना उलट विचारता येत होते. कित्येक मंडळांनी मग विहिरी खोदल्या, जातिवंत वळू व लेगहॉर्न कोंबड्या आणल्या, बालवाड्या काढल्या. १९५९ सालापासून ही योजना देशात इतरत्रही नेण्यात आली. सरकारने सांगावे व गावाने ऐकावे एवढ्याने काम होत नाही. गावाने विचारावे व सरकारने ऐकावे लागते, हे आपल्याच जिल्ह्याने कागदोपत्री सिद्ध करून दाखविलेले आहे.

पण यालाही एक दुसरी बाजू आहे, आणि ती मला पुस्तकात नव्हे तर माहेरी कळली. साठीच्या दशकात आमच्या चावडीवर पंचायतीचा रेडिओ असे. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागला की वडील व गावातील पुरुष घोंगड्या टाकून बसत. आई चावडीला लागून असलेल्या आमच्या ओसरीवर धान्य पाखडीत बसे आणि सूप थांबवून थांबवून ऐके. एके वर्षी मानमोडीच्या रोगाने तिच्या कोंबड्या पटापट मेल्या. अंडी विकून ती आमच्या वह्या-पाट्यांचा खर्च काढीत असे. तिने वडिलांना दोनदा सांगितले, "अहो, त्या रेडिओवाल्यांना पत्रात विचारा ना, मानमोडीला काही औषध हाय का." वडील हसून म्हणाले, "कोंबड्यांचं काय विचारायचं सरकारला!" तो प्रश्न ओसरीवरून चावडीपर्यंत, म्हणजे पुरती पंधरा पावलेसुद्धा, गेला नाही. मानमोडीची लस तेव्हा निघालेली होती, हे मला फार पुढे कळले.

त्याच सुमारास कायदे झाले. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने पंचायतीच्या कामांच्या यादीत शेती, सहकार आणि उद्योग व कुटिरोद्योग यांचाही समावेश केला. बलवंतराय मेहता समितीचा अहवाल १९५७ साली आला होता. आपल्या राज्यात वसंतराव नाईक समितीने १९६१ मध्ये आपल्या शिफारशी दिल्या आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. गावच्या सर्व मतदारांची मिळून ग्रामसभा. तिची आगाऊ सूचना लावावयाची, दवंडी द्यावयाची, जमाखर्च तिच्यापुढे ठेवावयाचा. निगमसभा आणि फळा या जुन्याच गोष्टी नव्या कायद्यात आल्या, असे म्हटले तरी चालेल. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी शेकडा १५ किंवा १०० यांपैकी जो आकडा कमी असेल तितकी माणसे हवीत. ती जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. या शेवटच्या वाक्यात किती गावांचे किती उद्योग बुडाले असतील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. आमचाही एक त्यातच बुडाला.

आता माझ्या चुकीकडे येते. माझे सासर पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातले. गावाचे नाव लिहीत नाही. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचा हा भाग म्हणजे मुख्यतः महादेव कोळी समाजाची वस्ती. भात, नाचणी, वरई एवढी पिके. आणि रोख पैसा द्यायचा तो हिरड्याने. आपण घरी खोकल्याला किंवा पोट साफ होण्यास जो हिरडा उगाळतो, तो या झाडांवरचा. फळ कोवळे असतानाच, आत बी धरण्यापूर्वी तोडले तर तो बाळहिरडा. उन्हात वाळून काळा कुळकुळीत होतो. त्याला भाव अधिक. पुरुषमाणसांनी झाडावर चढून फांद्या झोडपायच्या. वेचणे, वाहून आणणे, पसरणे, हलविणे, अवकाळी पावसाचा ढग दिसला की धावत जाऊन गोळा करणे हे बायकांचे. थोडा ओल धरला की बुरशी येते आणि भाव पडतो. झाडावरून पडून हातपाय गमावलेली माणसेही मी पाहिली आहेत.

हा माल पूर्वी मीठ-मिरचीच्या बदल्यात जाई. व्यापाऱ्यांच्या या कचाट्यातून सोडविण्यासाठी राज्याने १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ काढले आणि १९७६ च्या कायद्याने एकाधिकार खरेदीची पद्धत आणली. हेतू उत्तम होता. तरीही खेडोपाडी खासगी व्यापारी येतच राहिले, कारण नडलेल्या घराला आजचा पैसा आजच हवा असतो. आमच्याकडे येणारा व्यापारी आपला काटा बरोबर आणी, पोत्यामागे ओलीचा म्हणून कडता कापी, आणि किती वजन भरले ते तोच सांगे.

७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली, एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्यात आल्या, आणि त्यानंतरच्या एका निवडणुकीत मी पंचायतीत गेले. मी सातवी पास, त्यामुळे गावात शहाणी समजली जात असे. एके दिवशी असे कळले की, स्त्रियांच्या उद्योगासाठी शेड बांधण्यास पैसा मिळत आहे, ठराव मात्र तातडीने हवा. ग्रामसभा बोलावली होती, माणसे जमली नाहीत, तहकूब झाली. तहकूब सभेला आम्ही नऊ-दहा जण होतो. ठराव वाचला गेला नाही, नुसता पुढे सरकविला. मी सही केली. बायकांसाठी काही होत आहे, यात वाईट ते काय, असेच मला वाटले.

शेड झाली. डांबरी सडकेला लागून, सिमेंटची, पत्र्याची, दाराला कुलूप असलेली. वाड्यांपासून ती दीड-दोन मैल लांब. उद्घाटनाला नारळ फुटला. पुढे दोन वर्षांत त्या शेडमध्ये कोणत्याही बाईने कोणताही उद्योग केला नाही. आधी सिमेंटच्या गोण्या आल्या, मग लग्नकार्याची भांडी, मग शेळ्या.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणत असू. उभा जन्म त्यांनी हिरडा वेचला. एकदा त्या शेडवरून जाताना मी हळहळले की, सरकारने एवढे दिले आणि बायका काही करीत नाहीत. आत्या थांबल्या. डोक्यावरचे पाटीतले ओझे तसेच होते. म्हणाल्या, "शेड कुणी मागितली व्हती गं? सावलीत हिरडा वाळतो व्हय? आमाला काटा पायजे व्हता. आन् पावसाच्या टायमाला टाकायला एक ताडपदर."

मी काय बोलणार! उन्हात वाळवायच्या मालासाठी आम्ही बंद शेड बांधली होती. आणि ज्या बाईच्या ताटाशेजारी मी रोज ताट मांडीत होते, जिच्या हातांचा काळा रंग वर्षानुवर्षे पाहत होते, तिला मी सही करण्यापूर्वी एका शब्दाने विचारले नव्हते. वडिलांनी आईचा प्रश्न चावडीपर्यंत नेला नाही, म्हणून मी मनात त्यांना दोष देत आले होते. मी तर स्वतः चावडीत जाऊन बसले होते. आणि माझ्याही घरातला प्रश्न माझ्याबरोबर आला नव्हता.

पुढे २००३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आली. बहुतेक गावी तिचे काय होते ते आपणा सर्वांना माहीत आहे: शिपाई वही घेऊन दारोदार फिरतो आणि आपण भाकरी थापता थापता सही करतो. आमच्या गावीही प्रथम तसेच झाले. तेव्हा मी पंचायतीत नव्हते. पण सही करण्याचे मी नाकारले आणि सभा वाडीवर, आंब्याखाली घ्या, असा आग्रह धरला. तीन वेळा कोणी ऐकले नाही. चौथ्या वेळी सभा झाली. बायका पहिला अर्धा तास काहीच बोलल्या नाहीत. मग एकीने पाण्याचे काढले, दुसरीने दारूचे, आणि शेवटी आत्यांनी काट्याचे काढले. पंचायतीने आपल्या उत्पन्नातील शेकडा १० स्त्रिया व बालकांसाठी खर्च करायचे असतात, हे त्या दिवशी बहुतेकींना प्रथमच कळले. गेल्या वर्षी ते पैसे कशावर खर्च झाले हेही त्यांनी विचारले. ग्रामसेवकांनी वही उघडून वाचले. उत्तर फार समाधानकारक नव्हते. पण ते मोठ्याने वाचले गेले.

काटा आला. मोठा काही नव्हे, आडव्या फांदीला टांगता येईल असा. प्रत्येक पोते आधी आपल्या काट्यावर जोखायचे, वजन खडूने फळीवर लिहायचे, मगच व्यापाऱ्यापुढे ठेवायचे असा नेम झाला. पहिल्याच मोसमात पोत्यामागे दोन-तीन किलोंचा फरक निघाला. व्यापारी रागावला, एक आठवडा आलाच नाही, मग आला. भाव त्याने वाढविला नाही. तेवढी ताकद आमच्यात नव्हती. पण वजन मात्र खरे लागू लागले. या सगळ्याला उद्योग म्हणावे की नाही, ठाऊक नाही. बायकांच्या गटाने पुढे माल एकत्र करून विकण्यास सुरुवात केली, कधी जमले, कधी फिसकटले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात हिरड्याची कितीतरी झाडे मोडून पडली, तेव्हा सगळ्यांचेच कंबरडे मोडले. आत्या तोपर्यंत राहिल्या नव्हत्या. एका परीने बरेच झाले म्हणायचे. त्यांच्या हातची झाडे पडलेली त्यांना पाहावली नसती.

आता कायद्याने तर मालकीच गावाकडे दिली आहे. १९९६ चा पेसा कायदा आपल्या दोन्ही तालुक्यांतील अनुसूचित गावांना लागू आहे, आणि राज्याचे नियम २०१४ मध्ये आले. गौण वनोपजावर ग्रामसभेची मालकी, आणि वाडी-पाड्यालाही आपली ग्रामसभा करण्याचा मार्ग त्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावर सामूहिक हक्क मिळतो. २०१५ सालच्या निर्णयाने आदिवासी उपयोजनेतील शेकडा ५ इतका अबंध निधी पेसातील पंचायतींकडे थेट येऊ लागला आणि तो कशावर खर्चावयाचा हे ग्रामसभेने ठरवायचे आहे. अर्थात, ठरविणारी ग्रामसभा भरली तर!

ती भरली की काय होते, याची दोन उदाहरणे सांगते. एक दूरचे, गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखाचे. या छोट्या गोंड गावात मतदानाने निर्णय होत नाही. सर्वांची सहमती होईपर्यंत बोलणे चालते, आणि अवघड विषय आधी अभ्यासगटात बसून समजून घेतात. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांनी या कामात आयुष्य घातले. २००९ साली या गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. मग गावाने आपला बांबू आपण विकला. जुन्नरच्या लेण्यातील बुरूडांची श्रेणी मला येथे हटकून आठवते.

दुसरे उदाहरण अगदी घरचे, डिंभ्याचे. घोड नदीवरील या धरणाच्या पाण्यात मूळ आंबेगावासह कित्येक गावांची शेते गेली. ज्यांची भाते पाण्याखाली गेली, त्यांनीच त्या पाण्यावर जगायचे ठरविले. 'शाश्वत' संस्थेच्या कुसुम कर्णिक व आनंद कपूर यांच्यासारखी माणसे त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे वाडी-वाडीत बसली. धरणग्रस्त आदिवासींची मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली, पिंजऱ्यात मासे वाढविण्याचे शिक्षण केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेकडून मिळाले. २०१२ साली 'शाश्वत'ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाकडून दिला जाणारा इक्वेटर पुरस्कार लाभला. नांगर धरणाऱ्या हातांनी जाळे धरले. ही गोष्ट एखाद्या परिपत्रकाने घडत नाही. ती घडली बोलून, भांडून, पुन्हा बोलून.

आणि हे केवळ आपल्याकडेच नाही. दूर इंडोनेशियात २०१४ च्या ग्रामकायद्याने गावांना स्वतःच्या मालकीचे उद्योग काढण्यास बळ दिले. कोठे बाजार, कोठे पाणीपुरवठा, कोठे पर्यटकांसाठी तळे. पण असा उद्योग काढावयाचा तर तो गावच्या सभेत ठरला पाहिजे. त्या विचारविनिमयाला तिकडे 'मुशावरा' म्हणतात. हिंदीतला 'मशवरा' त्याच मुळाचा शब्द. समुद्रापलीकडच्या खेड्यालाही शेवटी एकत्र बसून मसलत करण्यावाचून गत्यंतर नाही, हे वाचून मला मोठी गंमत वाटली आणि धीरही आला.

भगिनींनो, आपल्या मंडळाला वाटेल की, आपण हळदीकुंकू, भजन, पाककृती, शिवणवर्ग करणाऱ्या. ग्रामसभेशी आपला काय संबंध? संबंध आहे. २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. खुर्ची मिळाली; आता प्रश्न खुर्चीपर्यंत पोचविण्याचे काम उरले आहे, आणि ते मंडळासारखी जागाच करू शकते. पुढील सभेला जाताना तीन गोष्टी विचाराव्यात, एवढीच माझी विनंती. हा ठराव वाचून दाखविला का? ज्यांच्यासाठी तो आहे त्यांना विचारले का? आणि गेल्या वर्षीचा हिशेब फळ्यावर लावला का? आवाज चढविण्याचे कारण नाही. नुसते विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत बसून राहावे.

ती शेड अजून उभी आहे. पत्रा गंजला, दार गेले. त्या रस्त्याने गेले की मी दुसरीकडे पाहत नाही; मुद्दाम तिच्याकडेच पाहते. माझी सही तेथे आहे. आणि वाडीवरच्या आंब्याच्या फांदीला काट्याची दोरी घासून एक खोबण पडली आहे. नातीला ती दाखवून मी सांगितले की, ही तुझ्या पणजीची सही. तिला लिहिता येत नव्हते.